घरामागच्या प्लॉटवर कार वॉश येतंय, हरकतीत नेमकं काय लिहायचं?

मागची खिडकी
आमच्या घरांच्या रांगेमागे एक मोकळा प्लॉट आहे. पुढची बाजू मोठ्या रस्त्याला, मागची आमच्या कुंपणांना लागून. परवा नोटीस आली, तिथे स्वयंचलित कार वॉशसाठी विशेष परवानगीचा अर्ज आलाय. सुनावणी पाच आठवड्यांनी आहे आणि हरकती-सूचना त्याआधी लेखी द्यायच्या आहेत.

फाईल बघायला मिळते असं नोटिशीत होतं, म्हणून काल जाऊन नकाशा पाहून आले. गाड्या रस्त्याकडून आत घेणार, लांबट शेडमधून धुऊन मागच्या तोंडाने बाहेर काढणार आणि वळसा घालून पुन्हा रस्त्यावर सोडणार. ते मागचं तोंड बरोबर आमच्याकडे आहे. नकाशावर पट्टी लावली तर तोंडापासून आमच्या मागच्या खिडकीपर्यंत २४ मीटर भरतात. कामाचे तास सकाळी ७ ते रात्री १० मागितलेत. त्या खिडकीला लागून आईचा पलंग आहे. आजारपणामुळे तिची झोप तुकड्यातुकड्यांत होते, त्यातली बरीचशी दिवसा.

शेजारी दोन गट पडलेत. एक म्हणतो सह्या गोळा करू आणि हे होऊच द्यायचं नाही. दुसरा म्हणतो जागा व्यावसायिक आहे, आपल्या हातात काही नाही. मला दोन्ही पटत नाही. काय विचारायचं, काय मागायचं आणि कशावर वेळ घालवायचा नाही, हे जाणकारांनी कृपया सांगा.

नकाशावाचक
नगररचनेच्या कामात बरीच वर्षं गेली, असल्या अर्जांवर टिपणं लिहिली आहेत. नियम ठिकाणागणिक बदलतात, पण सांगाडा बहुतेक सगळीकडे सारखाच असतो.

नोटिशीतला ‘विशेष परवानगी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. काही वापर त्या पट्ट्यात, म्हणजे नगररचनेने ठरवलेल्या विभागात, हक्काने चालतात, नियमात बसले की परवानगी द्यावीच लागते. काही ठिकाणी पट्टाच बदलून मागतात, म्हणजे रहिवासीचा व्यावसायिक. तुमचा प्रकार या दोन्हींच्या मधला. हा वापर इथे चालू शकतो हे नियमाने आधीच मान्य केलंय, पण या जागी, या शेजाऱ्यांना लागून, कोणत्या अटींवर, हे तपासायचं बाकी आहे. म्हणून ‘आम्हाला नको’ एवढंच लिहिलेल्या पत्राला वजन कमी. आणि ‘काही करता येत नाही’ हेही खरं नाही, कारण सुनावणी आहेच मुळी अटी ठरवायला.

न्यूयॉर्कने १९१६ साली अख्ख्या शहरासाठी झोनिंगचा, म्हणजे असे वापराचे पट्टे ठरवण्याचा, नियम केला. पुढे १९२६ साली युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवलं. उपद्रव म्हणजे कित्येकदा योग्य वस्तूच चुकीच्या जागी असणं, असा विचार त्या निकालात मांडलाय. तुमच्या पत्राचा सूर तसाच ठेवा. कार वॉशबद्दल तक्रार नको. त्याचं तोंड कुठे आहे, तो किती वाजेपर्यंत चालणार आणि किती आवाज करणार, याबद्दल लिहा.

सह्यांचं म्हणाल तर एकाच मजकुराची शंभर पत्रं फाईलमध्ये एकच मुद्दा म्हणून बसतात. दहा घरांनी आपापल्या खिडकीचं अंतर लिहून दिलेली दहा पत्रं दहा मुद्दे होतात.

धुलाईवाला
मी ११ वर्षं असं केंद्र चालवलं, आता सोडलं. दुसऱ्या बाजूचं सांगतो.

कार वॉश तीन तऱ्हांची असतात. खुले गाळे, जिथे माणूस स्वतः फवारा मारतो. दुसऱ्यात गाडी उभी राहते आणि यंत्र तिच्यावरून पुढेमागे फिरतं. तिसरा बोगदा, म्हणजे साखळी किंवा पट्टा गाडीला पुढे ओढत नेतो. तुम्ही सांगताय तो बोगदा दिसतो.

लोकांना वाटतं आवाज ब्रशचा आणि पाण्याचा. तो शेडच्या आतच बराचसा मुरतो. खरा आवाज शेवटच्या टप्प्यात, गाडी वाळवणाऱ्या ब्लोअरचा. आणि ब्लोअर असतात बाहेर पडायच्या तोंडाशी, म्हणजे नेमके तुमच्याकडे वळलेले. त्यामुळे नकाशात काय बघायचं ते तुम्ही आधीच बरोबर पाहिलंय.

त्यानंतर व्हॅक्यूम. ते उघड्यावर असतात आणि त्यांच्याभोवतीच माणसं रेंगाळतात. दारं आपटतात, पायपुसण्या खांबावर झटकतात, गाडीतलं गाणं मोठ्याने चालू असतं. माझ्याकडे शेजाऱ्यांच्या सर्वांत जास्त तक्रारी व्हॅक्यूमच्या जागेबद्दल होत्या. ती जागा मी रस्त्याच्या बाजूला हलवली आणि तक्रारी जवळजवळ थांबल्या. व्हॅक्यूमची मोटर एका बंद खोलीत ठेवून नळ्या बाहेर आणता येतात, ते जरूर मागा.

अर्जाबरोबर ब्लोअरचं माहितीपत्रक लावलंय का? चांगले उत्पादक अंतराप्रमाणे डेसिबलचा तक्ता देतात. तो फाईलला नसेल तर तुमचा पहिला लेखी प्रश्न तोच.

मागची खिडकी
तक्ता नाही. ‘आवाज नियमाच्या मर्यादेत राहील’ एवढं एकच वाक्य आहे.

ध्वनिलहर
ध्वनिमापन हेच माझं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. समजा ब्लोअरचा आवाज तोंडापासून ३ मीटरवर ८५ आहे. ६ मीटरवर ७९, १२ वर ७३ आणि तुमच्या २४ मीटरवर ६७. मध्ये काहीच नसेल तर. मागे भिंत किंवा पत्रा असेल तर परावर्तनाने आणखी वाढतो. ८५ हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय, खरा आकडा अर्जदाराने द्यायचा.

जागतिक आरोग्य संघटनेची १९९९ सालची मार्गदर्शक मूल्यं अशी: घराबाहेरच्या बसाउठायच्या जागेत दिवसा सरासरी ५५ च्या वर गेलं की तीव्र त्रास, ५० च्या वर मध्यम त्रास. रात्री खिडकी उघडी असेल तर खिडकीबाहेर सरासरी ४५, आणि एकेका आवाजाचा कमाल पल्ला ६०. शेवटचा आकडा झोपेसाठी फार कामाचा आहे, कारण झोपेतून उठवतो तो अचानक चढणारा आवाज, सरासरी नव्हे.

आता ‘नियमाच्या मर्यादेत’ या शब्दांकडे या. दर दहा मिनिटांत एक मिनिट ७० डेसिबल आणि बाकी नऊ मिनिटं शांतता असली, तरी सरासरी ६० येते. दिवसभराच्या सरासरीत बंद असलेले तास मिसळले की ती आणखी उतरते. कागदावर सगळं ठीक दिसतं आणि पलंगावरचं माणूस दर दहा मिनिटांनी दचकतं. म्हणून अहवालात सरासरीबरोबर कमाल पातळी हवी, आणि आत्ता तिथे किती शांतता आहे त्याची मोजणीही हवी. ब्लोअरच्या आवाजात एक विशिष्ट सूर असतो. असा सुरेल किंवा घुमणारा आवाज तेवढ्याच डेसिबलच्या रहदारीपेक्षा जास्त खुपतो. कित्येक मोजणी-पद्धतींत त्यासाठी ५ डेसिबल वाढवून धरतात.

धुलाईवाला
यावर उपाय आहेत आणि ते मालकाच्याही फायद्याचे आहेत. ब्लोअरचा वेग बदलता येणारं नियंत्रण बसवलं की त्यांच्याखाली गाडी नसताना ते मंदावतात. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी उतरवला की आवाज साधारण ५ डेसिबलने कमी होतो आणि वीज जवळजवळ निम्मी लागते. तोंडाला झटकन उघडबंद होणारं दार बसतं. गाडी वाळेपर्यंत दार बंद, मग उघडतं. ब्लोअर तोंडापासून काही मीटर आत सरकवून आतल्या भिंतींना आवाज शोषणारं आवरणही लावता येतं. मात्र ते आवरण ओल टिकणारं हवं, नाहीतर वर्षभरात गळून पडतं.

आणि सगळ्यांत मोठा उपाय, अख्खा बोगदा उलटा फिरवणं. आत यायचं तोंड मागे, बाहेर पडायचं रस्त्याकडे. इमारत उभी राहण्याआधी हा बदल कागदावरचा असतो. काँक्रीट पडलं की विसरा.

सरळमार्गी
थोडं विरुद्ध मत मांडतो, कृपया गैरसमज नको. लोक आपापल्या दारात गाड्या धुतात त्याचं काय? ते साबणाचं, तेलाचं, ब्रेकच्या भुकटीचं पाणी सरळ पावसाळी गटारात जातं आणि तिथून प्रक्रियेविना नदीनाल्यात. जर्मनीत कित्येक गावांमध्ये घरासमोर गाडी धुवायला याच कारणाने मनाई आहे. कार वॉशमध्ये निदान गाळ खाली बसतो, तेल वेगळं होतं, पाणी पुन्हा वापरतात. पाइप उघडा ठेवून मिनिटाला २० लिटरने पंधरा मिनिटं गाडी धुतली तर ३०० लिटर झाले. पाणी फिरवून वापरणारा बोगदा याच्या कितीतरी कमी ताज्या पाण्यात काम करतो. जागा मोठ्या रस्त्यावरची आणि व्यावसायिक आहे. प्रत्येक वस्तीने ‘दुसरीकडे न्या’ म्हटलं तर अशा सोयी जायच्या कुठे?

मागची खिडकी
गैरसमज नाही, उलट हे आमच्या गटात कुणी बोलत नव्हतं ते बरं झालं तुम्ही बोललात. मलाही ते नको आहे असं नाही. मला आईची खिडकी उघडता यायला हवी. हे दोन्ही एकत्र होऊ शकतं का, एवढंच मी शोधतेय.

रात्रपाळी
माझ्या अनुभवावरून सांगते, अटींचे शब्द नीट वाचा. आमच्या मागे सहा वर्षांपूर्वी असंच केंद्र झालं. नाव घेत नाही. परवान्यात अटी होत्या. ‘शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची योग्य ती काळजी घेतली जाईल.’ ‘पुरेशी झाडं लावली जातील.’ ‘वाजवी वेळेत काम चालेल.’ सुनावणीत आम्ही टाळ्या वाजवल्या.

मी रात्रपाळी करते, सकाळी आठला झोपते. तक्रार घेऊन गेले की विचारायचे, कोणत्या अटीचा भंग झाला? योग्य म्हणजे किती, पुरेशी म्हणजे किती, वाजवी म्हणजे कधी, कुणालाच सांगता येत नव्हतं. तपासणीला आलेले गृहस्थ भले होते. म्हणाले, बाई, मला मोजता येईल असं या कागदात काही नाही. दीड वर्ष मी कानात बोळे घालून झोपले. शेवटी खोली बदलली, मुलाला मागची दिली, मी पुढच्या छोट्या खोलीत आले.

त्यामुळे एक एक शब्द भांडून घ्या. आकडा, जागा, वेळ आणि मोजणार कोण.

नकाशावाचक
रात्रपाळी यांनी लिहिलंय ते प्रत्येकाने वहीत उतरवून ठेवावं. अशा मोजता न येणाऱ्या अटीला आम्ही कार्यालयात आंधळी अट म्हणायचो.

मोजता येणारी अट अशी असते: ‘मागच्या हद्दीवर, जमिनीपासून दीड मीटर आणि साडेचार मीटर उंचीवर, सर्व यंत्रं चालू असताना आवाजाची कमाल पातळी अमुक डेसिबलच्या वर जाणार नाही. केंद्र सुरू झाल्यापासून ३० दिवसांत अर्जदाराच्या खर्चाने स्वतंत्र मोजणी होईल. मर्यादा ओलांडली असल्यास दुरुस्ती होईपर्यंत ब्लोअर बंद राहतील.’ शेवटचं वाक्य नसेल तर पहिली दोन कागदावर राहतात. साडेचार मीटर कशासाठी, तर वरच्या मजल्यांच्या खिडक्यांसाठी. ते नेहमी राहून जातं.

आणखी एक, आणि हे खूप लोकांना माहीत नसतं. अशी परवानगी बहुतेक ठिकाणी जागेला चिकटते, मालकाला नाही. आजचा अर्जदार कितीही सज्जन असो, उद्या तो विकून गेला की नव्या मालकाला तीच परवानगी मिळते. सुनावणीत ‘आम्ही रात्री आठलाच बंद करतो’ असं तोंडी सांगतील. मनापासूनही सांगत असतील. परवान्यात १० लिहिलं असेल तर १० च खरं.

भाडेकरू
मी त्याच रांगेत राहतो असं वाटतंय, वर्णन जुळतंय. मला नोटीस आलीच नाही. भाड्याने राहणाऱ्याला बोलायचा हक्क असतो का?

नकाशावाचक
नोटीस अनेकदा ठरावीक अंतरातल्या मालमत्तांच्या नोंदणीकृत मालकांनाच जाते, म्हणून तुम्हाला आली नसेल. सुनावणी जाहीर असेल तर पत्र द्यायला आणि बोलायला मालकी लागत नाही. तिथे झोपता तुम्ही, त्रास तुम्हाला. पत्ता आणि अंतर लिहून द्या. पुढे अपील करायची वेळ आली तर हक्क कुणाचा, ते मात्र तुमच्याकडच्या नियमात बघावं लागेल. अपिलाची मुदत फार थोडी असते, तीही आधीच विचारून ठेवा. आणखी एक लक्षात असू द्या, जे मुद्दे सुनावणीच्या नोंदीत आले नाहीत ते अपिलात नव्याने काढू देत नाहीत, असं पुष्कळ ठिकाणी असतं. म्हणून तोंडी बोललात तरी कागद द्याच.

झऱ्याकाठी
सांडपाणी प्रक्रियेच्या कामातला आहे, पाण्याबद्दल लिहितो. सरळमार्गींचं मूळ म्हणणं बरोबर आहे, फक्त ‘तेल वेगळं होतं’ हे वाटतं तितकं सोपं नाही.

तेल वेगळं करायच्या टाकीत तेल आपोआप वर तरंगावं अशी अपेक्षा असते. साबण नेमकं उलट करतो, तेलाचे बारीक कण पाण्यात धरून ठेवतो. म्हणून चुकीचा साबण वापरला की टाकी असूनही तेल पुढे जातं. तेलाला लवकर सोडणारे साबण मिळतात, ते वापरायची अट घालता येते. ‘जैवविघटनशील’ या शब्दावरही फार विसंबू नका. विघटन व्हायला दिवस लागतात, आणि तोवर साबणातली फेस करणारी द्रव्यं थोड्या प्रमाणातही माशांच्या कल्ल्यांना घातक असतात. त्यामुळे धुलाईचा एकही थेंब पावसाळी गटारात जाता कामा नये, तो मलवाहिनीतच जायला हवा. नकाशात बाहेर पडायच्या तोंडाशी आडवी जाळीची नाली आहे का बघा. गाड्या निथळत बाहेर येतात आणि त्यांचा ओघळ रस्त्यापर्यंत जातो. थंड मुलखात त्याचाच बर्फ होऊन माणसं घसरतात.

पाणी फिरवून वापरणं चांगलंच, पण त्याचा एक शेजारधर्म आहे. साठवलेलं पाणी हवेविना पडून राहिलं की त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि सडका वास सुटतो. केंद्र दोन दिवस बंद राहून पुन्हा सुरू झालं की पहिल्या तासात तो वास सगळीकडे जातो. टाकीत सतत हवा सोडणं किंवा ओझोन देणं हा उपाय. कोमट साठ्यात न्यूमोनियासारखा आजार करणारा लेजिओनेला जिवाणूही वाढू शकतो. त्याला २० ते ४५ अंश सेल्सिअस मानवतं आणि तो बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. घाबरायचं कारण नाही, नियमित निर्जंतुकीकरण आणि तपासणीची नोंदवही असली की पुरे. पण घरात आजारी माणूस आहे म्हणता, तर हे जरूर विचारा. टाकीतला गाळ कोण, किती दिवसांनी, कुठे नेणार हेही. त्यात तेल आणि जड धातू असतात, तो कुठेही ओतता येत नाही.

मागची खिडकी
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार.

आज धुलाईवाल्यांच्या सांगण्यावरून एका चालू बोगद्यापाशी जाऊन बसले. तोंडासमोर २४ पावलं मोजून थांबले, पूर्ण एक तास. गाडी तोंडाशी आली की आधी एक चढता सूर, मग भरभर असा दाट आवाज, साधारण पाऊण मिनिट, आणि मग मोठा उसासा सोडल्यासारखा उतरतो. तासात २७ वेळा. दहाव्या वेळेनंतर मी पुढच्याची वाटच बघायला लागले, आणि तेच सर्वांत वाईट होतं. फोनवरच्या मापकाने ७१ ते ७४ दाखवलं. बोलताना समोरच्याच्या कानाशी जावं लागत होतं.

मग बाजूला गेले, इमारतीच्या लांब भिंतीकडे, तेवढ्याच अंतरावर. तिथे ५८. तोंड कुठे आहे याने एवढा फरक पडतो हे ऐकल्याशिवाय मला कळलं नसतं.

ध्वनिलहर
फार चांगलं केलंत. फोनचा आकडा पुरावा म्हणून देऊ नका, फोनचे माइक प्रमाणित नसतात आणि अर्जदाराचा सल्लागार तेवढ्यावरूनच तुमचं सगळं पत्र हलकं करेल. पण एकाच फोनने, एकाच अंतरावर, समोर आणि बाजूला पडलेला १३ ते १६ चा फरक बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो. पत्रात २७ वेळा हा आकडा, वेळ आणि तुम्ही वर केलंय तसं वर्णन लिहा.

झाडांबद्दल इथे कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण ‘हिरवा पट्टा’ नेहमी पुढे केला जातो. दाट, जमिनीपर्यंत भरलेला ३० मीटर रुंदीचा पट्टा असला तर जेमतेम ५ डेसिबल. झाडांची एक ओळ डोळ्यांना बरी वाटते, आवाज तिला जुमानत नाही. भिंत काम करते. आवाजाचं उगमस्थान आणि तुमचा कान यांच्यामधली सरळ रेषा भिंतीने तोडली की ५ डेसिबल उतरतात, त्यावर उंची वाढली की दर मीटरला दीडएक. भिंतीत फट नको, खाली मोकळी जागा नको. आणि वरच्या मजल्यावरून भिंतीपलीकडचं तोंड दिसत असेल तर त्या मजल्याला भिंतीचा काही उपयोग नाही.

तिसरा मजला
याच रांगेच्या टोकाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही. म्हणजे भिंत कितीही बांधा, आम्हाला तोंड दिसणारच. माझा आग्रह बोगदा उलटा फिरवण्याचा. भिंतीवर समाधान मानू नका अशी विनंती.

धुलाईवाला
फिरवण्याचा आग्रह धरा, पण त्याची किंमतही समजून घ्या. आत यायचं तोंड मागे आलं तर गाड्यांची रांग तुमच्या कुंपणालगत लागेल. इंजिनं चालू, हॉर्न, धूर. एका गाडीला रांगेत ६ ते ७ मीटर जागा धरतात. पावसानंतरचं पहिलं ऊन आणि सुट्टीचा दिवस एकत्र आले की माझ्याकडे रांग वीस गाड्यांवर जायची. म्हणजे १३० मीटर. सरासरी दिवसाची रांग दाखवतील, तुम्ही तशा दिवसाची विचारा. ती प्लॉटमध्ये मावली नाही तर मोठ्या रस्त्यावर जाणार, आणि मग रहदारीवाले हरकत घेतील. रांग इमारतीच्या बाजूने वळवून घेता येते का ते नकाशावर आखून बघा. अडकण बहुधा धुण्यात नसते, पैसे भरायच्या खिडकीशी असते. तिथे दोन रांगा केल्या की निम्मं काम होतं.

मागची खिडकी
नकाशाची प्रत घेऊन आम्ही पाच जण काल रात्री बसलो. रांग पूर्वेच्या बाजूने नेली तर १९ गाड्या आत मावतात आणि मागच्या कुंपणापासून १२ मीटर मोकळे राहतात. बोगदा उलटा, व्हॅक्यूम रस्त्याकडे. भाडेकरू यांनीच हे सुचवलं, त्यांना आरेखन येतं. सरळमार्गींचा पाण्याचा मुद्दा आम्ही आमच्याच पत्रात घेतला, की केंद्र हवंय, पण फिरवून आणि अटींसह.

तास सकाळी ८ ते संध्याकाळी ८ मागतोय, रविवारी बंद. रविवारचं मागणं जास्त होतंय का?

नकाशावाचक
मागायला हरकत नाही. जर्मनीत काही राज्यांमध्ये रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला कार वॉशवर बंदी किंवा वेळेची मर्यादा आहे, म्हणजे कल्पना जगावेगळी नाही. पण धंद्याचा मोठा भाग सुट्टीचाच असतो, तिथे ते अडतील. तडजोडीला जागा ठेवायची असेल तर रविवारी उशिरा सुरुवात हे तुमचं दुसरं मागणं तयार ठेवा. दिव्यांचं विसरू नका. खाली झाकलेले, हद्दीबाहेर प्रकाश न सांडणारे, बंद झाल्यावर अर्ध्या तासात विझणारे.

आणि सुनावणीला जाण्याआधी अर्जदाराला एकदा भेटा. बहुतेक लोक हे करत नाहीत. अधिकाऱ्यांसमोर पहिल्यांदा भेट झाली की दोन्ही बाजू हटून बसतात.

मागची खिडकी
सुनावणी झाली. तुम्ही सगळ्यांनी एवढं दिलंत म्हणून सविस्तर लिहिते.

अर्जदारांना आधी भेटलो. त्यांनी घरामागे येऊन उभं राहून पाहिलं, आईच्या खोलीतही आले. नकाशा फिरवायला त्यांचा वास्तुविशारद आधी नाहीच म्हणत होता, मग रांगेची आमची आखणी बघून दोन दिवस मागितले. सुनावणीला ते सुधारित नकाशा घेऊनच आले. आमच्या रांगेतून नऊ पत्रं गेली होती, प्रत्येकात अंतर वेगळं. एका सदस्याने सगळी अंतरं वाचून दाखवली.

बोगदा फिरला, व्हॅक्यूम पुढे गेले, मोटर बंद खोलीत. तास ८ ते ८. मागच्या हद्दीवर कमाल ५५, दोन्ही उंचींवर, ३० दिवसांत मोजणी, आणि मर्यादा ओलांडली तर ब्लोअर बंद हे वाक्यही आलं. त्या वाक्यावर बराच वेळ वाद झाला. रात्रपाळी, तुमचा अनुभव मी नाव न घेता वाचून दाखवला, त्यानंतर ते मान्य झालं. गाळाची आणि निर्जंतुकीकरणाची नोंदवही कुणालाही पाहता येईल. मलवाहिनीची जोडणी तपासल्याशिवाय केंद्र सुरू होणार नाही.

रविवार मिळाला नाही, फक्त सुरुवात १० वाजता. भिंत साडेतीन मीटर मागितली होती, अडीच मिळाली. झटकन बंद होणारं दारही नाकारलं, बोगदा फिरवल्यावर गरज नाही म्हणाले.

रात्रपाळी
वाचून डोळे भरून आले. माझी दीड वर्षं कुणाच्या तरी कामी आली.

तिसरा मजला
मागची खिडकी, तुम्ही खूप केलंत. पण अडीच मीटरच्या भिंतीवरून आमच्याकडे रांगेचा आवाज येणारच, आणि मोजणी साडेचार मीटरपर्यंतच आहे. आम्ही नऊ मीटरवर राहतो. सुनावणीत मी हे बोलले, नोंद झाली, अट मात्र बदलली नाही. अपिलाला तीन आठवडे आहेत. करावं की नाही, ठरत नाही.

ध्वनिलहर
ठरवण्याआधी एक करा. बांधकाम सुरू व्हायच्या आत तुमच्या गच्चीतली आजची पातळी नोंदवून ठेवा. प्रमाणित मीटर भाड्याने मिळतो. सकाळ, दुपार, रात्र, आठवड्याचे सातही दिवस. ही नोंद नंतर कधीच करता येत नाही, आणि अपील केलं किंवा नाही केलं तरी ती लागेल. मोठ्या रस्त्याचीच रहदारी तुमच्या उंचीवर ५५ च्या वर असेल तर अपिलात फार जीव नाही. ४५ असेल तर आहे.

मागची खिडकी
मीटरचा खर्च आम्ही नऊ घरं मिळून करतोय, तुम्ही एकट्याने करायचा नाही. परवापासून मिळतोय. सकाळी सात वाजता मी तो घेऊन वर येते, पहिला आठवडा तुमच्या गच्चीत, दुसरा आईच्या खिडकीत.